खोडदची दुर्बीण आणि प्रगतिपुस्तकातील शेरा

प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिताना दोन शब्द शिक्षकांच्या लेखणीतून फार सहज उतरतात. एक ‘हुशार’ आणि दुसरा ‘कच्चा’. तिसरीत लिहिलेला दुसरा शब्द पुष्कळदा सातवीपर्यंत मुलाच्या मागे जातो. पुढच्या वर्गाचा शिक्षक तो वाचतो, त्याप्रमाणे प्रश्न विचारतो अगर विचारीतच नाही, आणि शेवटी मूलही तो शब्द खरा मानू लागते.

मुलाच्या अंगी सुप्त शक्ती असते, हे वाक्य अध्यापक विद्यालयात प्रत्येक शिक्षकाने लिहिलेले असते. परंतु त्याचा अर्थ बहुधा असा घेतला जातो की, पेवात धान्य भरून ठेवावे तशी ती शक्ती आत तयार होऊन पडली आहे; झाकण काढले की ती दिसावी. मग झाकण काढून पाहिले आणि धान्य दिसले नाही, की पेव रिकामे ठरते. शेरा लिहिला जातो तो असा. ही समजूत कितपत बरोबर आहे, हे पाहण्यासाठी जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील शिक्षकांना दूर जाण्याचे कारण नाही. खोडदच्या शिवारातील प्रचंड तबकड्या त्यांच्या विद्यार्थ्यांच्या रोजच्या पाहण्यातल्या आहेत.

तेथे एकेक ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १४ तबकड्या मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात असून उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या तीन भुजांवर आहेत. त्यांचा एकूण विस्तार सुमारे २५ किलोमीटर भरतो. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी ही दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने उभारली, आणि ४ ऑक्टोबर २००१ रोजी ती राष्ट्राला अर्पण करण्यात आली. अशा मोठ्या कामापुढे उभे राहिले की मनुष्य सहज म्हणतो, ‘करणारे मोठे बुद्धिमान!’ मुलांना घेऊन जाणारे शिक्षकही बहुधा एवढेच सांगून परत फिरतात. बुद्धिमत्तेबद्दल वाद नाही. परंतु ती बुद्धिमत्ता कोणत्या पायऱ्यांनी येथवर आली, हे सांगितल्यावाचून मुलाच्या हाती काही पडत नाही.

या दुर्बिणीची कल्पना मांडणारे व तिच्या उभारणीचे नेतृत्व करणारे प्रा. गोविंद स्वरूप यांचा जन्म १९२९ साली उत्तर प्रदेशातील ठाकूरद्वारा या गावी झाला. अलाहाबाद येथे पदव्युत्तर शिक्षण घेऊन ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत डॉ. के. एस. कृष्णन यांच्या हाताखाली काम करू लागले. रेडिओ खगोलशास्त्र हा विषय त्या काळी भारतात शिकविलाच जात नव्हता. १९५३ मध्ये कोलंबो योजनेखाली ते ऑस्ट्रेलियात सिडनी येथे गेले व या शास्त्राचे धडे तेथे हाताने काम करीत शिकले. सिडनीजवळ पॉट्स हिल येथे सूर्याचे निरीक्षण करण्यासाठी बसविलेल्या ३२ लहान तबकड्या होत्या. प्रत्येकीचा व्यास अवघा सहा फूट. तेथील शास्त्रज्ञ नवे, मोठे साधन उभारीत असल्यामुळे या जुन्या तबकड्या भंगारात निघण्याच्या बेतात होत्या. तरुण स्वरूप यांनी त्या भारतासाठी मागितल्या, आणि त्या मिळाल्या.

मिळाल्या खऱ्या, पण लगेच उपयोगी पडल्या नाहीत. दरम्यान स्वरूप अमेरिकेत गेले व १९६१ मध्ये स्टॅनफर्ड येथे डॉक्टरेट झाले. त्याच वर्षी त्यांनी व परदेशातील आणखी तीन भारतीय शास्त्रज्ञांनी देशात रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभारण्याची योजना लिहून पाठविली. डॉ. होमी भाभा यांनी ती उचलून धरली. १९६३ मध्ये स्वरूप परतले आणि १९६५ मध्ये त्याच टाकाऊ तबकड्या मुंबईजवळ कल्याण येथे उभ्या राहिल्या. भारतातील ही पहिली रेडिओ दुर्बीण होय. तिच्यामुळे जगाला धक्का देणारा शोध लागला नाही. परंतु तारा कशा जोडाव्यात, लहरी एकत्र कशा आणाव्यात, यंत्र बिघडले तर दोष कोठे शोधावा, हे सारे तिच्यावर काम करणाऱ्या तरुणांना आले. कल्याण येथे ते शिकले नसते, तर पुढची पायरी त्यांना चढता आली नसती.

ती पायरी म्हणजे तमिळनाडूतील उटकमंड येथील दुर्बीण. ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी ही रचना १९७० मध्ये पूर्ण झाली. तिच्यासाठी उत्तर-दक्षिण असा सुमारे ११ अंश उताराचा डोंगर शोधून काढण्यात आला. त्या ठिकाणचे अक्षांशही तेवढेच असल्यामुळे दुर्बिणीचा लांब आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर झाला. ती एकाच आसाभोवती फिरविली की आकाशातील एखाद्या स्थानाचा मागोवा तासन्‌तास घेता येतो. कोट्यवधी रुपयांच्या यंत्राचे काम येथे भूगोलाच्या एका साध्या धड्याने केले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

यानंतर अपयश आले. विषुववृत्तावरील एखाद्या देशात सुमारे दोन किलोमीटर लांबीची दुर्बीण उभारण्याची योजना स्वरूप यांनी मांडली. केनिया व इंडोनेशिया या देशांचा विचारही झाला. पण ती योजना तडीस गेली नाही. खोडदची कल्पना त्यांनी १९८४ च्या सुमारास मांडली, तेव्हा त्यांचे वय पंचावन्न होते. आपल्या खात्यात या वयास निवृत्तिवेतनाच्या कागदांची चर्चा सुरू झालेली असते! जुनी योजना पुन्हा पुढे रेटण्याऐवजी त्यांनी दुर्बिणीचा आराखडाच बदलला आणि तबकडी स्वस्तात कशी बनेल याचा नव्याने विचार केला. चिकाटी या शब्दाचा अर्थ शिक्षकांनी येथे नीट ध्यानात घ्यावा. चुकलेले गणित दहा वेळा उतरवून काढावयास लावणे, यास आपल्याकडे चिकाटीचे शिक्षण म्हणण्याची पद्धत आहे. त्यातून हात दुखतो. चूक जेथे होती तेथेच राहते. गणित कोठे अडले ते पाहून दुसऱ्या वाटेने ते पुन्हा मांडणे हे चिकाटीचे काम आहे, आणि ते प्रारंभी मुलापेक्षा शिक्षकालाच अधिक करावे लागते.

तबकडीची रचना मुलांना अवश्य समजावून द्यावी, कारण ती समजण्यासारखी आहे. तबकडी भरीव पत्र्याची असती, तर तिचे वजन व तिच्यावर येणारा वाऱ्याचा दाब पेलण्यासाठी फार अवजड व खर्चिक सांगाडा लागला असता. म्हणून पोलादी नळ्यांच्या खोलगट कमानींवर तारांचे दोर ताणून बसविले आणि त्या दोरांना गंजविरहित पोलादाच्या बारीक तारेची जाळी बांधली. बाजेच्या चौकटीवर सुंभ ताणून विणावे, तशीच ही युक्ती. जाळीची भोके १० ते २० मिलिमीटरची आहेत. तेथे येणाऱ्या लहरींची लांबी सुमारे २१ सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत असते. भोकापेक्षा लहर पुष्कळ लांब असली की जाळी तिला भरीव पत्र्यासारखीच भासते व लहर परावर्तित होते. वारा मात्र आरपार निघून जातो. धान्याची चाळणी वर्गात आणून, मोठा दाणा अडतो व धूळ खाली पडते हे दाखवावे. उपमा पूर्णपणे लागू पडत नाही, हेही मुलांना सांगावे. पाचवीच्या मुलांना एवढे कळते.

यानंतर मैदानावरील पाठ घ्यावा. साडेबावीस मीटर लांबीचा दोर घ्यावा. एक टोक खुंटीस बांधून दुसऱ्या टोकाने फक्कीचे वर्तुळ आखावे. शाळेचे मैदान अपुरे पडल्यास पीक निघालेल्या शेतात परवानगी घेऊन हे करावे. वर्तुळ पुरे झाल्यावर मुलांना त्याच्या कडेने उभे करावे. खोडदची एक तबकडी केवढी, हे तेव्हा त्यांना प्रथमच कळेल. मग क्षेत्रफळ काढावे. ते सुमारे १,५९० चौरस मीटर येते. वर्गात ‘कच्चा’ म्हणून मागे बसविलेले शेतकऱ्याचे मूल येथे बहुधा पुढे येते, कारण गुंठा व एकर यांचा हिशेब ते घरी ऐकत आलेले असते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. तेव्हा एका तबकडीचे वर्तुळ पावणेसोळा गुंठ्यांच्या आसपास भरते, आणि तीसही तबकड्यांचे मिळून जवळजवळ पावणेबारा एकर.

या ठिकाणी अनेक शिक्षक एक घाई करतात. मुलाने गुंठे बरोबर सांगितले की त्याची पाठ थोपटतात व पाठ संपवितात. कौतुक मोलाचे खरे, पण पुढची पायरी लगेच न दिल्यास ते वाया जाते. त्या मुलास त्याच दिवशी १,५९० ला १०१ ने भागून दशांश चिन्हापुढील एक स्थळ काढावयास द्यावे. दुसऱ्या दिवशी आपल्या घरच्या शेताचे क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहून आणण्यास सांगावे. कल्याणच्या तबकड्यांनी जे काम केले, ते वर्गात अशा लहान गणितांना करावयाचे असते.

खोडद येथे सहल न्यावयाची असेल, तर केंद्राची परवानगी आगाऊ घ्यावी आणि मोबाइल दूरध्वनी बंद ठेवण्याविषयी सर्वांना निक्षून सांगावे. दूरच्या आकाशगंगांकडून येणाऱ्या लहरी इतक्या क्षीण असतात की, जवळच्या एका दूरध्वनीच्या लहरींत त्या बुडून जातात. डोंगरांचा आडोसा असलेली, शहरी गोंगाटापासून अलिप्त जागा म्हणूनच खोडद निवडले गेले. राष्ट्रीय विज्ञानदिनानिमित्त, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास, तेथे विज्ञान प्रदर्शन भरविण्याचा प्रघात असून ग्रामीण शाळांचे विद्यार्थी त्यात आपले प्रयोग मांडतात. बाजारातून विकत आणलेल्या प्रतिकृतीपेक्षा दोर, खुंटी व फक्की यांनी केलेले मापन तेथे मांडणे अधिक शोभेल.

हे सारे मुलांविषयी झाले. शिक्षकांच्या स्वतःच्या अंगच्या शक्तीचे काय, असा प्रश्न कोणी केला तर शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे चरित्र पाहावे. १८५३ साली कोकणात मुरूड येथे जन्मलेले दीक्षित पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकले, मॅट्रिक झाले, आणि शिक्षकाचीच नोकरी करीत राहिले. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. शाळा सांभाळून त्यांनी संस्कृत सिद्धान्तग्रंथ व पाश्चात्त्य गणित यांचा अभ्यास चालू ठेवला, आणि १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल या इंग्रज विद्वानाबरोबर लिहिलेला भारतीय कालगणनेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथही निघाला. दोनच वर्षांनी, १८९८ मध्ये, ते निवर्तले. त्यांचे ग्रंथ अभ्यासक आजही उघडतात. एका शाळामास्तराने रात्री दिव्याशी बसून केलेले हे काम आहे.

दीक्षितांच्या विषयाचा एक पाठ कोणत्याही खेड्यात घेता येतो. कोनमापकाच्या मध्यबिंदूस दोरा बांधून त्याला खडा लटकवावा. सरळ कडेवर कागदाची पोकळ नळी चिकटवावी. रात्री घरच्या वडीलधाऱ्यांसह मोकळ्या जागी जाऊन नळीतून ध्रुव पाहावा आणि दोरा कोणत्या अंशावर आला ते दुसऱ्याने वाचावे. तो आकडा व ९० यांतील फरक म्हणजे ध्रुवाची उंची. ती खोडद परिसरात सुमारे १९ अंश येते, कारण गावाचे अक्षांश तेवढे आहेत. उटकमंडला डोंगराचा उतार ११ अंशांचाच का शोधला, याचे उत्तर ज्याने हे माप घेतले आहे असे मूल स्वतःच देऊ शकते.

पहिल्या रात्रीची मापे १४ पासून २५ पर्यंत कोठेही येतील. ती खोडू नयेत. तारीख घालून वहीत तशीच ठेवावीत. दोरा वाऱ्याने हलला काय, नळी तिरपी बसली काय, हे मुलांनीच शोधावे व आठवड्याने पुन्हा मोजावे. वर्ष संपल्यावर ही वही प्रगतिपुस्तकाबरोबर पुढच्या वर्गशिक्षकाच्या हाती द्यावी, आणि शेऱ्याच्या रकान्यात मुलाचे माप पहिल्या वेळी किती होते व शेवटच्या वेळी किती झाले, तेवढे दोन आकडे लिहावेत.