तारा तुटतो म्हणजे काय?
(उन्हाळी सुट्टीपूर्वी घ्यावयाचा एक पाठ)

सोलापूर जिल्ह्यातील उन्हाळा जसा तापाचा, तसाच आकाशदर्शनाचाही काळ होय. दिवसभर तापलेल्या घरात रात्री झोप लागत नाही. म्हणून खेड्यांतून माळवदावर किंवा अंगणात वाकळ अंथरून उघड्यावर निजण्याची रीत आहे. पूर्वी ज्वारीच्या मळणीच्या दिवसांत राशीच्या राखणीसाठी शेतकरी खळ्यावरच मुक्काम करीत. मळणीयंत्रे आली आणि खळी कमी झाली. तथापि त्या रात्रींचे आकाश गावातील वृद्धांच्या स्मरणात अजून ताजे आहे. एका रात्रीत किती तारे तुटताना पाहिले, एखादा किती लांब रेघ ओढीत गेला, हे ते आवडीने सांगतात. त्यांचे हे स्मरण म्हणजे शाळेस विनामूल्य लाभलेले शैक्षणिक साधनच होय.

मात्र या आठवणींबरोबर एक समजूतही मुलांकडे येते. तारा तुटला की कोणीतरी माणूस गेले, असे पुष्कळ घरांत बोलले जाते. ज्या मुलाची आजी आजारी आहे, त्याने रात्री असा तारा पाहिला तर ते मनात काय घेऊन झोपत असेल, याचा विचार शिक्षकाने करावा. असे मूल वर्गात बोलत नाही. त्याला हसल्याने भीती जात नाही, ती केवळ लपते. ‘हे सारे खोटे आहे’ एवढेच सांगितल्यास, ज्या वडीलधाऱ्यांनी ते सांगितले त्यांच्याविषयी मुलाच्या मनात अनादर मात्र उत्पन्न होतो. म्हणून या पाठात खंडनापेक्षा निरीक्षणावर भर द्यावा.

पूर्वतयारी

पाठाच्या आदल्या दिवशी मुलांना घरातील आजीआजोबांस तीन प्रश्न विचारून येण्यास सांगावे: तुटता तारा कोठे पाहिला? कोणत्या ऋतूत पाहिला? तो किती वेळ दिसला? दुसऱ्या दिवशी उत्तरे फळ्यावर लिहावीत. तो क्षणभरच दिसला, असे बहुतेक उत्तरांत आढळेल. पाठाची सुरुवात येथूनच करावी.

पाठाची मांडणी

तुटणारा तारा हा तारा नव्हेच. त्यास उल्का म्हणतात. धूमकेतू सूर्याजवळून जाताना आपल्या मार्गावर धूळ व बारीक खडे सांडीत जातो. पृथ्वी त्या मार्गातून जाऊ लागली की ते कण प्रचंड वेगाने वातावरणात शिरतात. पुष्कळ उल्का वाळूच्या कणाएवढ्या, तर काही हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या असतात.

एवढासा कण इतका तेजस्वी कसा दिसतो? याकरिता सायकलचा पंप वर्गात आणावा. त्याचे तोंड बोटाने दाबून दांडा जोराने आतबाहेर केल्यास पंपाचे खालचे टोक गरम लागते. दाबली गेलेली हवा तापते, हे मुले हाताने अनुभवतील. उल्केपुढील हवा याहून कितीतरी अधिक वेगाने दाबली जाऊन अतिशय तापते. त्या उष्णतेने कणाची वाफ होते व प्रकाशाची रेघ उमटते. ही घटना सुमारे ऐंशी ते शंभर किलोमीटर उंचीवर घडते; म्हणजे सोलापूरहून विजापूर जितके दूर, साधारण तितके वर. खरे तारे याच्या कितीतरी पलीकडे आहेत. सूर्य वगळता सर्वांत जवळच्या ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचण्यास चार वर्षांहून अधिक काळ लागतो.

निरीक्षण

दरवर्षी ५ व ६ मेच्या सुमारास, पहाटेपूर्वी, कुंभ राशीच्या दिशेने उल्का येताना दिसतात. हॅले धूमकेतूने मागे सांडलेले हे कण होत. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ६६ किलोमीटर असतो. या वेगाने सोलापूरहून पंढरपूरला पोहोचण्यास जेमतेम एक सेकंद पुरेल. चंद्रप्रकाश नसेल व काळोख चांगला असेल, तर तासाला दहावीस उल्का दिसू शकतात. पहाटे त्या अधिक का दिसतात, हे धावत्या एस.टी.च्या उदाहरणाने पटवावे. पावसात गाडीच्या पुढच्या काचेवर जास्त थेंब आदळतात, मागच्या काचेवर कमी. पहाटेच्या वेळी आपण पृथ्वीच्या पुढच्या बाजूस असतो.

मुलांनी घरातील मोठ्या माणसांसोबत तीन वाजल्यापासून उजाडू लागेपर्यंत पूर्वेकडील आकाश पाहावे. माळवदाच्या कडेस जाऊ नये. दिवा विझवून डोळ्यांना वीस मिनिटे अंधाराची सवय होऊ द्यावी.

आता या पाठातील मुख्य कृती. त्या वेळी दक्षिणेस वृश्चिक राशी स्पष्ट दिसते. तिची विंचवासारखी वळलेली नांगी मुलांस ओळखता येते. निरीक्षणापूर्वी मुलाने वृश्चिकाचे ठळक तारे कागदावर टिंबांनी काढावेत. काही उल्का मोजून झाल्यावर तीच टिंबे पुन्हा आकाशाशी ताडून पाहावीत. नांगी आहे तशीच आहे, एकही तारा निखळलेला नाही, असे त्यास दिसेल. जे शिक्षकाच्या शब्दाने पटले नसते, ते स्वतःच्या मोजणीने पटते. आणि घरी आजीलाही ते कागदावर दाखविता येते.

शिक्षकांसाठी अधिक माहिती

क्वचित मोठा पाषाण पूर्ण न जळता जमिनीवर येतो. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे भरदुपारी असे दगड पडले. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर फार प्राचीन काळी अशाच एका आघाताने, आपल्याकडे आढळतो त्याच जातीच्या काळ्या पाषाणात निर्माण झाले.

आकाशात जळताना दिसणारी प्रत्येक वस्तू मात्र उल्का नसते. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी, महाराष्ट्रात अनेक ठिकाणी जळत जाणाऱ्या गोळ्यांची रांग दिसली. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात धातूचे मोठे कडे पडलेले आढळले. ते अग्निबाणाचे अवशेष होते. उल्का सहसा क्षणात विझते. असे अवशेष मात्र सावकाश व बराच वेळ जाताना दिसतात. वृद्धांना विचारलेला तिसरा प्रश्न येथे उपयोगी पडतो.

स्वाध्याय

प्रत्येक मुलाने तारीख, वेळ, दिशा व संख्या असे चार रकाने वहीत आखावेत आणि जूनमध्ये शाळा उघडताच वही वर्गात आणावी. एकही उल्का न दिसलेल्या मुलाने तसेच लिहावे. ते लिहिणेही निरीक्षणच होय.

हॅले धूमकेतू १९८६ साली येऊन गेला. तो पाहिलेले कोणी गावात असल्यास त्यांस वर्गात अगत्याने बोलवावे. तो पुन्हा २०६१ साली येईल. आज चौथीत बसलेली मुले तेव्हा चाळिशी ओलांडलेली असतील. त्यांनी आपल्या मुलांना माळवदावर नेऊन न भिता आकाश दाखविले, तर या पाठाचे सार्थक झाले असे समजावे.