फिरती कार्यप्रणाली

संगणक आणि त्याची कार्यप्रणाली ही एकाच खोक्यात कायमची जखडलेली असतात, अशी सर्वसाधारण समजूत असते. क्लाउस नॉपर या जर्मन अभियंत्याने २००० साली ‘नॉपिक्स’ लोकांपुढे ठेवली तेव्हा या समजुतीला चांगलाच धक्का बसला. लिनक्सवर आधारलेली ही संपूर्ण कार्यप्रणाली एका सीडीवर मावत असे. ती परक्या संगणकात घालावी, काम करावे आणि काढून घ्यावी. त्या संगणकाच्या हार्ड डिस्कला हात लावण्याचे कारण नव्हते. पुढे सीडीची जागा पेनड्राइव्हने घेतली. मात्र कार्यप्रणालीच्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवल्या म्हणजे संगणक त्यावरून सुरू होईलच, असे नाही. असे का, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

पहिला शोध

वीज मिळते त्या क्षणी संगणकाच्या स्मृतीत कोणतीही कार्यप्रणाली नसते. ती पेनड्राइव्हवरून आणावयाची तर पेनड्राइव्ह वाचता आला पाहिजे. आणि वाचण्याचे काम तर एरवी कार्यप्रणालीच करते. या पेचातून सुटण्यासाठी संगणकाच्या मुख्य पाटावरील चिपमध्ये एक छोटी आज्ञावली कायमची बसवलेली असते. १९८१ साली आयबीएमने बाजारात आणलेल्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये तिला ‘बायोस’ असे नाव होते. बायोसला फाइल म्हणजे काय हे कळत नाही. ती डिस्कवरील अगदी पहिला, ५१२ बाइटांचा कप्पा स्मृतीत आणते आणि त्याच्या शेवटच्या २ बाइटांत ठरावीक खूण आहे किंवा नाही ते पाहते. डिस्कच्या विभागांचा तक्ता ६४ बाइट व्यापतो. म्हणजे प्रत्यक्ष आज्ञांसाठी जेमतेम ४४६ बाइट उरतात. एवढ्या जागेत कार्यप्रणाली कशी मावणार? तेथे फक्त पुढच्या, मोठ्या आज्ञावलीचा पत्ता लिहिलेला असतो. ही दुसरी आज्ञावली म्हणजे बूटलोडर. तो कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत आणतो आणि सूत्रे त्याच्या हाती देतो.

नव्या संगणकांत बायोसची जागा ‘यूईएफआय’ने घेतली आहे. तिला ‘फॅट’ पद्धतीने आखलेला विभाग वाचता येतो आणि त्यातील ठरावीक फोल्डरमधील ठरावीक नावाची फाइल ती चालवते. म्हणून अशा संगणकावर फाइली योग्य जागी उतरवणे पुष्कळदा पुरेसे ठरते. जुन्या संगणकावर ते पुरत नाही. सर्वत्र चालावयाच्या पेनड्राइव्हवर या दोन्ही सोयी केलेल्या असतात. याशिवाय, हार्ड डिस्कच्या आधी पेनड्राइव्ह पाहावा, असे संगणकाला त्याच्या बूट मेनूतून सांगावे लागते.

दुसरा शोध

येथवर निम्मेच काम झाले. कर्नलने ताबा घेताच बायोसचा आधार सुटतो आणि ज्या पेनड्राइव्हवरून आपण आलो, तोच कर्नलला नव्याने शोधावा लागतो. त्यासाठी यूएसबीचा ड्रायव्हर हवा. पण ड्रायव्हर त्याच पेनड्राइव्हवर असला तर पेटीची किल्ली पेटीतच राहिल्यासारखे होईल. म्हणून बूटलोडर कर्नलबरोबर आवश्यक ड्रायव्हरांचे एक लहानसे गाठोडेही स्मृतीत आणून ठेवतो.

आणखी एक अडचण अशी की, एका संगणकावर जो पेनड्राइव्ह दुसरी डिस्क म्हणून ओळखला जातो, तोच दुसऱ्या संगणकावर तिसरी ठरू शकतो. क्रमावर विसंबून चालत नाही. विभागाला दिलेला स्वतंत्र ओळखक्रमांक शोधणे हाच खात्रीचा मार्ग होय. यूएसबीचे साधन ओळखू येण्यास काही क्षण लागतात, तेवढी वाट पाहण्याची तजवीजही करावी लागते. ती न केल्यास कर्नल सुरू होऊनही काम मध्येच अडते आणि दोष नसताना पेनड्राइव्हला बोल लागतो.

लेखन आणि जपणूक

नॉपिक्सच्या सीडीवर सुमारे दोन गिगाबाइटांच्या आज्ञावली दाबून ७०० मेगाबाइटांत बसवल्या होत्या. हा भाग केवळ वाचता येतो. वापरकर्ता जे बदल करतो ते स्मृतीत, जणू त्यावर अंथरलेल्या पारदर्शक कागदावर, लिहिले जातात आणि वीज जाताच पुसले जातात. पेनड्राइव्हवर मात्र या बदलांसाठी वेगळा विभाग राखता येतो आणि काम टिकते.

पेनड्राइव्ह तयार करताना एक खबरदारी अत्यावश्यक आहे. कार्यप्रणालीची प्रतिमा पहिल्या बाइटापासून उतरवली जाते, त्यामुळे पेनड्राइव्हवरील जुना मजकूर नष्ट होतो. लिनक्समधील ‘डीडी’ ही आज्ञा तर काहीही न विचारता लिहू लागते. पेनड्राइव्हऐवजी चुकून हार्ड डिस्कचे नाव दिले, तर वर्षानुवर्षांचा संग्रह क्षणात हातचा जातो. म्हणून आज्ञा देण्यापूर्वी साधनाचे नाव आणि आकारमान दोन्ही पडताळावीत; आणि लेखन पूर्ण होईपर्यंत पेनड्राइव्ह काढू नये.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर नॉपिक्सच्याच इतिहासात सापडते. नॉपर यांच्या पत्नी आड्रियाने यांची दृष्टी अधू आहे. त्यांच्या साहाय्याने नॉपर यांनी पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणारी व्यवस्था तयार केली आणि तिला त्यांचेच नाव दिले. ज्याला पडदा दिसत नाही, त्याला परक्या संगणकापुढे बसल्यावर पहिलेच पाऊल टाकणे कठीण असते. बोलणारी कार्यप्रणाली खिशात असली, म्हणजे तो ती लावतो, आवाजाची वाट पाहतो आणि आपल्या सवयीच्या मांडणीत कामाला लागतो.