मोटारीच्या चाकांतील वंगण

बैलगाडीचा मालक लांबच्या प्रवासास निघण्यापूर्वीं चाक सैल करून कण्यास वंगण लावी, आणि वाटेंत लागेल म्हणून वंगणाचा नळा गाडीस टांगून ठेवी. कोरडें चाक करकरे, कणा झिजे आणि बैल थके. मोटार आली तरी हा नियम बदलला नाहीं. वंगणाची जागा मात्र दृष्टीआड गेली. जें दिसत नाहीं त्याचा विसर मनुष्यास लौकर पडतो. म्हणून चाकांतील बेअरिंग म्हणजे काय व त्यांत ग्रीस कसें भरावें, याचा विचार आपण येथें करूं.

एक जड पेटी जमिनीवरून ओढून पाहावी. मग तिच्याखालीं चार लाटणीं ठेवून तीच पेटी लोटून पाहावी. घासत जाण्यापेक्षां घरंगळत जाणें किती सोपें, हें तत्काळ कळेल. हेंच तत्त्व वापरून इ. स. १७९४ त वेल्समधील कार्मार्थन येथील फिलिप व्हॉन यांनीं गाडीच्या कण्याकरितां गोळ्यांच्या बेअरिंगचें पेटंट घेतलें. पुढें अमेरिकेंतील सेंट लुइस येथें गाड्या बांधणारे हेन्री टिमकेन यांनीं आपल्या भाच्यासह इ. स. १८९८ त निमुळत्या रोलरांच्या बेअरिंगचें पेटंट मिळविलें. मोटार सरळ जात असतां तिचें वजन चाकावर वरून खालीं पडतें. वळणावर तोच दाब बाजूनेंही येतो. निमुळते रोलर तिरपे बसविलेले असल्यामुळें हे दोन्ही दाब सोसतात.

अशा बेअरिंगचे चार भाग असतात : आंतली कडी, बाहेरची कडी, मधले रोलर आणि रोलरांस समान अंतरावर धरून ठेवणारा पिंजरा. चाकाच्या हबमध्यें आंतल्या बाजूस एक मोठें व बाहेरच्या बाजूस एक लहान, अशीं दोन बेअरिंगें असतात.

ग्रीस म्हणजे नुसतें दाट तेल नव्हे. विशिष्ट साबणाच्या जाळींत धरून ठेवलेलें तें तेल होय. स्पंजांत पाणी राहतें तसें तेल त्यांत राहतें, व थोडें थोडें बाहेर येऊन पोलादावर पातळ थर धरतें. हल्लीं पुष्कळ ग्रीसांत लिथियमचा साबण असतो. निरनिराळ्या साबणांचीं ग्रीसें मिसळल्यास जाळी मोडून तेल गळूं शकतें. यास्तव जुनें ग्रीस पूर्ण काढल्यावांचून नवें भरूं नये.

येथें एक इशारा अवश्य दिला पाहिजे. आजच्या बहुतेक मोटारींत बेअरिंग कायमचें बंद असतें. तें उघडतां येत नाहीं, बिघडल्यास संपूर्ण बदलावें लागतें. पुढील कृति मागच्या चाकांवर चालणाऱ्या अनेक जुन्या मोटारींच्या पुढच्या चाकांस व ट्रेलरच्या चाकांस लागू आहे. विद्यार्थ्यांनीं ती जाणत्या वडील मनुष्याच्या देखत करावी.

गाडी सपाट व टणक जमिनीवर उभी करून हातब्रेक ओढावा व मागच्या चाकांस दगडांची उटी लावावी. चाकाचे नट थोडे सैल करून मग जॅक लावावा, आणि गाडी मजबूत स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणींही जाऊं नये. डिस्क ब्रेक असल्यास चाक काढल्यावर ब्रेकचा कॅलिपर सोडवून तारेनें बांधून ठेवावा. रबरी नळीवर लोंबकळूं देऊं नये. ब्रेकची धूळ फुंकूं नये, कारण जुन्या ब्रेकमध्यें ॲस्बेस्टॉस असूं शकतो; ती ओल्या फडक्यानें पुसावी. आतां टोपण, कॉटर पिन, नट, वॉशर व बाहेरचें बेअरिंग या क्रमानें काढून हब ओढून घ्यावें. मागचें ऑइल सील उचकटलें कीं आंतलें बेअरिंग हातीं येतें. उजव्या व डाव्या चाकांचे भाग एकमेकांत मिसळूं नयेत.

बेअरिंग रॉकेलमध्यें कुंचल्यानें धुवावें; पेट्रोल वापरूं नये, आणि जवळ विस्तव नसावा. वाऱ्याच्या पंपानें तें गरगर फिरवून वाळवूं नये. रोलर निसटून डोळ्यास इजा होऊं शकते. कोरडें झाल्यावर उजेडांत निरखून पाहावें. खड्डे, ओरखडे किंवा उष्णतेनें आलेली निळसर झांक दिसल्यास तें निकामी समजावें, व त्याची बाहेरची कडीही बरोबरच बदलावी.

आतां मुख्य काम. चाकाच्या बेअरिंगकरितां, विशेषतः डिस्क ब्रेकच्या उष्णतेस टिकणारें ग्रीस आवळ्याएवढें डाव्या तळहातावर घ्यावें. बेअरिंगची रुंद बाजू त्या गोळ्याच्या कडेवर पुनःपुन्हां दाबावी. पिंजरा आणि आंतली कडी यांच्या फटींतून ग्रीस आंत शिरतें, व सोऱ्यांतून शेव यावी तसें अरुंद बाजूनें रोलरांमधून बाहेर येतें. तें दिसेपर्यंत दाबावें, मग थोडें फिरवून पुढचा भाग भरावा. नुसतें वरून फांसलेलें ग्रीस व्यर्थ होय, कारण झीज होते ती आंत. बाहेरच्या कड्यांवर थर द्यावा. परंतु सगळें हब ठासून भरूं नये, कारण जादा ग्रीस घुसळलें जाऊन उष्णता वाढते. सील नवें घालावें. डिस्कवर किंवा ब्रेकच्या अस्तरावर ग्रीसचा डागही राहूं देऊं नये.

शेवटीं नट आवळणें, ही खरी कसोटी. हब हातानें फिरवीत नट आवळावा म्हणजे बेअरिंग नीट बसतें. मग तो सैल करून केवळ बोटांनीं घट्ट करावा. पिनेचें भोंक जुळत नसेल तर नट किंचित् सोडावा, अधिक आवळूं नये. अतिघट्ट बेअरिंग तापून जळतें, अतिसैल असल्यास चाक डगमगतें. नेमकें माप त्या मोटारीच्या पुस्तकांत असतें, तेंच प्रमाण मानावें. पिन नेहमीं नवी घालून तिचीं टोकें वाकवावीं. चाक चढवून व गाडी खालीं घेऊन चाकाचे नट पूर्ण आवळावे.

थोडें अंतर चालवून परत आल्यावर हबजवळ हात नेऊन पाहावा. कोमट लागल्यास चिंता नाहीं. चटका बसेल इतकें तापलें असल्यास पुन्हां उघडावें. पुढें वेगाबरोबर वाढणारी घरघर ऐकूं आली, अथवा उचललेलें चाक वर-खालीं धरून हलवितां खडखडलें, तर विलंब करूं नये. पावसाळ्यांत ओढ्याच्या पाण्यांतून गाडी नेली असेल, तर ठरलेल्या मुदतीपूर्वींच बेअरिंग तपासावें.

विद्यार्थिमित्रहो, टोपण बसल्यावर आपलें काम कोणास दिसणार नाहीं. वरून फांसलेलें व आंत भरलेलें ग्रीस बाहेरून सारखेंच भासेल. परंतु घाटांतील वळणावर भरल्या गाडीचा भार चाकावर येतो, तेव्हां आंत बसलेल्या माणसांचा जीव त्या मूठभर वंगणावर अवलंबून असतो. तेथें वरवरचें काम टिकत नाहीं. अभ्यासाचीही गोष्ट याहून निराळी नाहीं, हें सुज्ञांस सांगणें नलगे.