एक लहान इंग्रजी शब्द आणि शास्त्राचें वाचन



आपले कित्येक उपदेशक मराठी पवित्र शास्त्राबरोबर इंग्रजी शास्त्रही ताडून पाहतात. ही संवय चांगली आहे. परंतु तींत कोठें ठेंच लागते, हें आम्ही आज एका लहान शब्दावरून दाखवितों. एल, ई, टी या तीन अक्षरांचा ‘लेट’ हा तो शब्द होय.

याचा नेहमींचा अर्थ ‘होऊं देणें’ असा आहे. घर भाड्यानें देणें, यासही हाच शब्द लावितात. निर्गम ५:१ येथें, परमेश्वराच्या लोकांस जाऊं द्यावें, ही मागणी फारोपुढें ठेविली आहे. राजा जेम्स याच्या आज्ञेनें झालेल्या १६११ सालच्या भाषांतरांत तेथें हाच शब्द आहे. पण तीनच वचनें पुढें फारो मोशे व अहरोन यांस दटावतो कीं, तुम्ही लोकांस कामापासून कां अडवितां? आणि तेथेंही शब्द तोच!

असें कां व्हावें? प्राचीन इंग्रजींत हे दोन निराळे शब्द होते. एकाचा अर्थ सोडणें, दुसऱ्याचा विलंब लावणें किंवा अडविणें. कालांतरानें दोहोंचें रूप एक झालें. गाडी ‘लेट’ झाली असें आपण म्हणतों, तो शब्द या दुसऱ्याचाच सगोत्र आहे. अडविण्याचा अर्थ आतां बोलण्यांतून गेला. तथापि आपल्या देशाच्या पासपोर्टावर, धारकास विनाअडथळा जाऊं द्यावें, अशी जी इंग्रजी विनंति आहे, तींत तो अद्याप उरला आहे.

आतां रोम. १:१३ घ्या. तुम्हांकडे येण्याचा आपण पुष्कळदां बेत केला, असें पौल कळवितो, आणि लगेच हा शब्द येतो. ‘येऊं दिलें’ असा अर्थ कोणीं केला, तर पौल रोमास जाऊन आला असें होईल! वास्तविक तो अडविला गेला होता. याच पत्राचें १५:२२ पाहावें. तेथें अडथळ्याचा दुसरा, स्पष्ट शब्द आहे आणि संशय फिटतो. २ थेस्स. २:७ येथेंही अर्थ प्रतिबंधाचाच आहे. नव्या कराराचें सुधारलेलें इंग्रजी भाषांतर १८८१ सालीं निघालें, त्यांत या दोन्ही पत्रांतून तो जुना शब्द काढून टाकिला.

इंग्रजीस हंसूं नये. आपला ‘परवां’ पाहा: ‘परवां आलों’ म्हणजे मागें, ‘परवां येईन’ म्हणजे पुढें. तरी कोणी फसत नाहीं, कारण आपण सबंध वाक्य ऐकतों.

हाच नियम शास्त्रास लावावा. एका शब्दावर उपदेश उभारूं नये. सबंध वचन, मागचीं-पुढचीं वचनें व तोच विषय असलेलीं इतर वचनें वाचावीं. येथें चूक झाली तर केवळ व्याकरणाची हानि होत नाहीं. ज्याचे चांगले बेत अडून राहिले आहेत, त्या शेतकरी बंधूस, प्रेषिताचेही बेत अडले होते व देवानें त्याला टाकिलें नव्हतें, हें समाधान मिळावयाचें असतें. तें आपल्या निष्काळजीपणानें त्याच्यापासून हिरावलें जाऊं नये.

वर्गासाठीं प्रश्न:
१. रोम. १:१३ व १५:२२ हीं वचनें एकत्र वाचून पौलाच्या विलंबाचें कारण सांगा.
२. मार्क १०:१३-१६ येथें मुलांस कोणीं अडविलें व कोणीं येऊं दिलें? आपली मंडळी या दोहोंपैकीं काय करीत आहे?