महाराज परत आले होते

कुडाळ

चि. बाळ यास,


काल सूनबाईचा फोन आला. रडली नाही, पण आवाज बसला होता. नोकरीचा राजीनामा दिलास, पुढच्या आठवड्यात उत्तरकाशीला निघतोस आणि परत कधी येणार ते सांगत नाहीस, असं कळलं. वर तिला म्हणालास म्हणे, ‘निसर्गदत्त महाराजही घर सोडून गेले होते.’ हे ऐकल्यापासून माझ्या जिवाला थारा नाही.

गेले होते, खरं आहे. १९३३ साली त्यांना सिद्धरामेश्वर महाराज भेटले, १९३६ साली गुरूंनी देह ठेवला आणि पुढल्याच वर्षी हे बायकापोरांना मुंबईत ठेवून चालू लागले. पण अर्धी गोष्ट सांगून बायकोला गप्प करायचं, ही कुठली रीत? १९३८ साली महाराज परत आले! वाटेत एका गुरुबंधूंनी समजावलं, ते त्यांना पटलं. आल्यावर पुन्हा विडीच्या दुकानात बसले. जगाने त्यांना ओळखलं ते त्यानंतर.

आपल्या इंचगिरी परंपरेकडे तरी बघ. उमदीचे भाऊसाहेब महाराज संसारी. त्यांचे शिष्य गुरुदेव रानडे प्राध्यापक, अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू. दासबोधाचं वाचन, ध्यान, भजन, सगळं घरात राहून. सिद्धरामेश्वरांनी तर विहंगममार्ग सांगितला: मुंगीसारखं खोडावरून चढत बसू नका, पाखरासारखं थेट फळावर जा. त्यासाठी गाव सोडावं लागत नाही रे. आणि तू छकुलीला काय सांगून निघणार आहेस?

तुझे आजोबा खेतवाडीच्या दहाव्या गल्लीत महाराजांच्या माळ्यावर भजनाला जात. १९७३ साली महाराजांच्या बोलण्याचं मॉरिस फ्रीडमन यांनी केलेलं इंग्रजी पुस्तक आल्यावर त्या एवढ्याशा माळ्यावर परदेशातली माणसंही दाटीने बसू लागली. महाराज मराठीत बोलायचे, कुणीतरी इंग्रजी करून सांगायचं. बाबांना ते मूळचं ऐकायला मिळे. रात्री घरी आले की ते गॅलरीत शांत बसत. मी बी. ए.ला होते, माझ्याच नादात. आज काय ऐकलंत, एवढंही त्यांना कधी विचारलं नाही. आता कुणाला विचारू? म्हणून सांगते, घरातलं माणूस समोर आहे तोवर त्याच्याशी बोलून घे.

फार बोलले का? माझा दादा, तुझे वडील, गेल्यापासून तू आतून किती रिता झालास, ते मला दिसतं. महाराजही गुरू गेल्यावरच निघाले होते. दुःखात माणसाचे पाय असे घराबाहेर ओढ घेतात. त्यात तुझा दोष नाही. पण ते दुःख तू सूनबाईलाही सांगत नाहीस, याचीच मला भीती वाटते.

नोकरी सोडलीस तर सोडलीस. पैशाची ओढाताण असेल तर माझी ठेव आहे, संकोच करू नकोस. मी शुक्रवारी कोकणकन्येने येते. दादाच्या लहानपणच्या कितीतरी गोष्टी तुला अजून ठाऊक नाहीत, त्या सांगेन. त्यानंतरही जावंसं वाटलं तर जा, पण परतीचा दिवस सूनबाईला सांगून जा. तू येईपर्यंत मी त्या दोघींजवळ राहीन.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
आत्या