कापणीनंतर गवताचा फुटवा

कुरणाचें गवत दसऱ्यानंतर कापावें, असा देशावर पुष्कळ ठिकाणीं परिपाठ आहे. महसूल खात्यांत कारकुनी करितांना आम्हींही गवताच्या लिलावाचे कागद ठराविक मुदतींतच फिरविले. परंतु पाऊसकाळ आतां त्या मुदतींत बसत नाहीं. १९०१ पासून हिंदुस्थानांत २०२३ इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता; उलट २०१९ सालीं ऑक्टोबरांत महाराष्ट्रांत पाऊस कोसळून हातीं आलेलीं पिकें नासलीं. तेव्हां विळा केव्हां व किती उंचीवर चालवावा हें ठरविण्यास गवत पुनः कसें फुटतें तें जाणणें अवश्य आहे.

मारवेल, पवन्या, डोंगरी हीं बहुवर्षायु गवतें. कोवळेपणीं यांचा वाढीचा कोंब जमिनीलगत पानांच्या वेष्टनांत लपलेला असतो. वरचीं पानें कापलीं तरी तो शाबूत राहतो व फूट लागलीच वर येते. पुढें गवत कांडें धरून पोटरींत आलें म्हणजे तोच कोंब तुऱ्याचें रूप घेऊन उंच चढतो आणि विळ्याबरोबर जातो. मग बुडख्याच्या पेऱ्यांवरील निजलेल्या डोळ्यांवांचून गति नाहीं. त्यांस जागें होण्यास अवधि लागतो व ओलही लागते.

पाला नसतां झाडास अन्न तयार करितां येत नाहीं. पहिली फूट बुडख्यांतील सांठ्यावर येते, म्हणून जमीन खरवडून कापणाऱ्यास शाबासकी देऊं नये. चार-पांच बोटें बुडखा राहिला तर दोन पेंढ्या कमी भरतील इतकेंच. अमेरिकेंत क्रायडर यांनीं १९५५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निम्म्याहून अधिक पाला एकदम काढल्यावर बहुतेक गवतांच्या मुळांची वाढ कांहीं दिवस थांबलेली आढळली. पाऊस नियमित असतां ही तूट भरून निघते; त्याच वेळीं ताण पडला तर आंखूड मुळें खालच्या ओलीस पोंचत नाहींत व ठोंब वाळतो.

हवेंतील कर्बवायु वाढत असल्यामुळें गवत आपोआप जोमदार होईल, अशी कित्येकांची समजूत आहे. भातागव्हास त्याचा कांहीं लाभ होतो. परंतु आमच्या माळावरील बहुतेक गवतें ज्वारीमक्याच्या धाटणीचीं असून थोड्या वायूवरही भरपूर काम करितात. त्यांचें थोडें पाणी वांचेल, अधिक आशा धरूं नये.

दोन कापण्या हव्या असतील तर पहिली कांडें धरण्यापूर्वीं, जमिनींत वीतभर ओल पाहून करावी. वाळल्या वैरणीसाठीं एकच कापणी करावयाची तर ती फुलोऱ्यांत करावी. पिकून पिवळें पडलेल्या गवतांत कस फारसा उरत नाहीं. पहिल्या कापणीनंतर पावसानें दडी मारल्यास त्या वर्षीं दुसरी सोडून द्यावी व गुरेंही आंत घालूं नयेत. चांगले ठोंब विरळ झाले कीं कुसळी शिरते, आणि तिचीं कुसें मेंढरांच्या लोकरींतून कातड्यापर्यंत रुततात.

ज्यांस सवड असेल त्यांनीं यंदा कुरणाचा एक पट्टा चार बोटांवर व शेजारचा जमिनीलगत कापावा, दिवाळीस दोहोंकडील फुटवे मोजावे आणि आंकडे या मासिकाकडे धाडावे.