रोजची गाडी, रानातली वाट: पहिले बदल कोणते?

थार किंवा जिम्नी दारात आली की पहिल्याच आठवड्यात याद्या सुरू होतात. लोखंडी बंपर, टपावरचं कॅरिअर, लिफ्ट किट, स्नॉर्कल, लाइट बार. यातल्या प्रत्येक वस्तूचा कुठे ना कुठे उपयोग असतोच. पण यादी करण्याआधी आपली गाडी आठवडाभर काय काम करते हे बघायला हवं. आपल्यापैकी बहुतेकांची गाडी सोमवार ते शुक्रवार सिग्नलवर उभी असते, मुलांना शाळेत सोडते, सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्ये शिरते. शनिवारी पहाटे तीच गाडी ताम्हिणी, भंडारदरा किंवा राजमाचीच्या वाटेला लागते.

म्हणून माझा नियम साधा आहे. जी वस्तू शनिवारच्या वाटेवर खरोखर कामाला येते आणि सोमवारी ऑफिसला जाताना ब्रेक, मायलेज, कान आणि कायदा यांपैकी कशालाही त्रास देत नाही, ती आधी घ्यायची. बाकी सगळं नंतर.

आधी आहे ती गाडी ओळखा

२०२० मध्ये आलेल्या थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिमी आहे, तर २०२३ मध्ये आलेल्या पाच दारी जिम्नीचा २१०. जिम्नीत आणि थारच्या फोर बाय फोर मॉडेलमध्ये लो रेंज कंपनीकडूनच मिळते. सह्याद्रीतल्या गावांकडे जाणाऱ्या बहुतेक कच्च्या वाटांना एवढं पुरेसं असतं. कमी पडतो तो चालवणाऱ्याचा सराव.

या दोन्ही गाड्या पार्ट-टाइम फोर बाय फोर आहेत. कोरड्या डांबरावर फोर-हाय लावून वळणं घेतलीत तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या फिरण्यातला फरक जिरवायला मधे डिफरन्शियल नसतो, आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो. फोर बाय फोर माती, चिखल, सुटी खडी यांवरच लावायचा. फोर-लो गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये घेऊन टाकायचा. मग पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय न ठेवता एखादा दगडी उतार उतरून बघा. इंजिन गाडी कशी धरून ठेवतं हे एकदा पायाला कळलं की निम्मी खरेदी अनावश्यक वाटू लागते. हा सराव फुकट आहे, म्हणून पहिला नंबर त्याचा.

पहिला खर्च: टायर

गाडी जमिनीला फक्त टायरनेच टेकते, त्यामुळे पहिले पैसे तिथेच घालावेत. रोजच्या गाडीला ऑल-टेरेन टायर योग्य. मड-टेरेनच्या मोठ्या गुट्ट्या चिखलात छान चावतात. पण हायवेवर घोंघावतात, मायलेज खातात आणि ओल्या डांबरावर ब्रेक लागायला जास्त अंतर घेतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर डांबर ओलंच असतं, आणि आपली सर्वाधिक भटकंतीही त्याच दिवसांत होते. हा सौदा परवडणारा नाही.

दुसरा मोह मोठ्या मापाचा. जिम्नीचं मूळ माप १९५/८० आर१५. त्याऐवजी २१५/७५ आर१५ घातला तर टायरचा व्यास साधारण साडेदहा मिमी वाढतो. उंची मिळते त्याच्या निम्मी, म्हणजे जेमतेम पाच मिमी. २३५/७५ आर१५ घातला तर उंची वीस मिमी वाढते, पण मूळचा काटा अचूक धरला तर तो १०० दाखवत असताना गाडी १०६ च्या आसपास धावत असते. शिवाय इंजिनाला प्रत्येक चढावर जास्त ओढावं लागतं आणि चाक पूर्ण वळवल्यावर टायर घासण्याचा प्रश्न येतो. म्हणून कंपनीने दिलेलं माप ठेवा आणि नक्षी बदला.

घेताना टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको. आणि पाच टायर घ्या, चार नाही. स्टेपनी वेगळ्या मापाची असेल तर ती लावून फोर बाय फोर वापरता येत नाही, आणि टायर फाटतो तो नेमका अशाच वाटेवर.

दुसरा खर्च: हवा

एक भरवशाचा प्रेशर गेज आणि एक बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर. दोन्ही मिळून एका टायरच्या किमतीच्या आसपास येतात, आणि इतक्या पैशांत गाडीत एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

राजमाचीकडे जाताना डांबर संपलं की मी गाडी कडेला घेतो. व्हॉल्व्हची टोपी काढून खिशात टाकायची, म्हणजे गवतात हरवत नाही. मग गेज लावून हवा ३२ वरून २२-२४ पीएसआयवर आणायची. टायर जमिनीपाशी किंचित फुगलेला दिसतो आणि त्याचा जमिनीला टेकलेला भाग लांब होतो. आता तो दगडावरून उडत नाही, दगडाला लपेटून जातो. मागच्या सीटवरच्या माणसांची पाठ वाचते, सस्पेन्शन वाचतं आणि शेवाळलेल्या कातळावर पकड वाढते. दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरवर आपल्या गाडीचा आकडा असतो. त्यातून पाव ते एक तृतीयांश हवा कमी करणं सुरक्षित. पंधराच्या खाली जाऊ नका, वळणावर टायर रिममधून निसटू शकतो. हवा उतरवलेली असेपर्यंत वेगही कमीच ठेवायचा.

डांबर लागलं की हवा पुन्हा भरायची. कमी हवेचा टायर हायवेच्या वेगात तापतो आणि फुटतो. त्यासाठीच कॉम्प्रेसर स्वतःचा हवा. मोठा कॉम्प्रेसर थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडणारा घ्या. डॅशबोर्डच्या सॉकेटवर तो लावला तर फ्यूज उडतो.

तिसरा खर्च: अडकल्यावर बाहेर काढणारं सामान

इथे काटकसर जिवावर बेतू शकते. यादी छोटी आहे: ताणला जाणारा नायलॉनचा रिकव्हरी रोप, दोन शॅकल, जाड हातमोजे, घडीचं फावडं, एक किलोचा अग्निशामक आणि डोक्याला लावायची बॅटरी. रोपची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट असावी. शॅकलवर सुरक्षित भाराचा आकडा कोरलेला असतो. चांगल्या पाऊण इंची बो शॅकलवर तो ४.७५ टन असतो. आकडाच नसेल तर ती वस्तू गाडीत ठेवू नका.

रोप कुठे अडकवायचा हे त्याहून महत्त्वाचं. कंपनीने दिलेले टोचन हूक कुठे आहेत आणि ते हिसक्याने ओढायला चालतात का, हे घरी असतानाच मॅन्युअल उघडून बघा. ट्रेलर जोडायच्या टो-बॉलला रोप कधीही अडकवायचा नाही. हिसक्याने तो गोळा तुटून गोळीसारखा सुटतो आणि त्याने माणसं गेली आहेत. ताणलेल्या रोपच्या जवळपास कोणीही उभं राहायचं नाही. गावातला ट्रॅक्टर मदतीला आला तर त्या दादांनाही हे आधी सांगा, आणि साखळीऐवजी आपला रोप द्या.

चौथा खर्च: गाडीचं पोट आणि दिवे

सह्याद्रीतला बसाल्ट मऊ नाही. गवतात लपलेला एक दगड चेंबर फोडायला पुरतो, आणि तेल सांडलेली गाडी रेंज नसलेल्या खोऱ्यात अडकते. आपल्या गाडीच्या पोटाखाली काय उघडं आहे ते वाकून बघा. इंजिनच्या आणि ट्रान्सफर केसच्या खाली कंपनीची पत्र्याची प्लेट नसेल तर ती बसवा. ऑइल बदलताना ती दरवेळी पूर्ण उतरवावी लागणार नाही असं छिद्र तिला असायला हवं.

दिव्यांच्या बाबतीत आधी असलेल्या हेडलाइटचं लेव्हल नीट करून घ्या. माळशेजच्या धुक्यात प्रखर लाइट बार लावला तर समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. तिथे खाली बसवलेले फॉग लॅम्प आणि कमी वेग उपयोगी पडतो. कुठलाही जादा दिवा फ्यूज आणि रिले लावूनच जोडा. मूळ वायरिंग कापू देऊ नका. त्याने वॉरंटी जाते, आणि शॉर्टसर्किट होऊन आग लागली तर विम्याचा क्लेमही अडकतो.

यासाठी थांबा

लोखंडी बंपर, विंच, कॅरिअर: वजनाचा हिशोब करा. जिम्नीचं रिकामं वजन सुमारे १,२०० किलो आणि कमाल मंजूर वजन १,५४५ किलो. चार मोठी माणसं बसली की उरतात साधारण ६५ किलो. विंच आणि लोखंडी बंपर मिळून तेवढे सहज खातात. तंबू, पाणी, शिधा बाकीच राहतो. टपावर ठेवलेलं वजन तर घाटाच्या वळणावर गाडी झुकवतं.

कायदाही इथे स्पष्ट आहे. पुढे लावायच्या लोखंडी गार्डवर कारवाई करण्याचे निर्देश केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना दिले. पादचाऱ्याला इजा वाढते, हे त्यामागचं मोठं कारण. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

लिफ्ट किटने गुरुत्वमध्य वर जातो आणि स्टिअरिंगची भूमिती बदलते. एक्स्प्रेसवेवर रोज जाणाऱ्या गाडीला हे सोसत नाही. स्नॉर्कलचंही तसंच. थारची पाण्यात उतरण्याची मर्यादा ६५० मिमी सांगितली जाते, पण ती संथ पाण्यासाठी. फरशी पुलावरून वाहणारं पाणी त्याहून खूप कमी असतानाही गाडी ढकलून नेतं. तिथे स्नॉर्कल वाचवत नाही, मागे फिरणं वाचवतं.

गाडी चढते, तरी न्यायची नाही अशा जागा

कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे. तिथल्यासारखे कितीतरी सडे कोकणाच्या आणि घाटाच्या माथ्यावर आहेत. उन्हाळ्यात उजाड दिसणाऱ्या त्या कातळावरच्या बोटभर मातीत पुढच्या पावसातली फुलं झोपलेली असतात. एका टायरची रेघ तिथे वर्षानुवर्षं राहते. वेळास, आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. त्या वाळूत चाक नकोच, आणि खारं पाणी पत्रा कुजवतं ते वेगळंच. शेताच्या बांधावरून वाट जात असेल तर मालकाला विचारा.

खरेदीचा क्रम

पहिल्या महिन्यात गेज, कॉम्प्रेसर आणि रिकव्हरीचं सामान घ्या. टायर महत्त्वाने पहिले असले, तरी मूळ टायर झिजेपर्यंत वापरा आणि बदलायची वेळ आली की ऑल-टेरेन घाला; मे महिन्यात बदललेत तर पावसाळ्याआधी ते थोडे रुळतात. पोटाखालची प्लेट पहिल्या सर्व्हिसिंगनंतर बसवा. एका वेळी एकच बदल करा आणि निदान दोन-तीन महिने गाडी तशीच चालवा, म्हणजे कशाने काय फरक पडला ते कळेल. रानातून परतल्यावर दरवेळी पोट धुवा, चाकांचे नट आवळा, हवा पूर्ववत करा. ओढा ओलांडला असेल तर डिफरन्शियलचं तेल दुधाळ झालंय का ते मेकॅनिककडून बघून घ्या. एवढं सगळं करूनही एखाद्या ठिकाणी गाडी खरंच कमी पडली, तर पुढचा बदल कोणता हे तुम्हाला दुकानदाराला विचारावं लागणार नाही.